एकपात्री प्रयोगाची परतवारी

परदेशी स्थायिक झालेला एखादा कलावंत स्वतःच्या आयुष्यावर एकपात्री प्रयोग रचतो, तो तिकडे गाजतो, तिकडची वृत्तपत्रे त्याची वाखाणणी करतात, आणि मग कधी तरी तो प्रयोग मायदेशी नेण्याचा विषय निघतो. या टप्प्यावर बहुधा दोहोंपैकी एक घडते. एक तर तो प्रयोग सत्कारसमारंभाची पुरवणी म्हणून एका रात्रीपुरता उरकला जातो. नाही तर पैशाचे गणित जमत नाही म्हणून तो लांबणीवर पडतो आणि अखेर राहूनच जातो. दोन्ही प्रकारांत नुकसान होते ते एकट्या कलावंताचे नव्हे. ज्या घराची, ज्या गल्लीची, ज्या आईबापांची हकिकत तो प्रयोग सांगत असतो, त्यांचे नुकसान अधिक मोठे असते. कारण त्यांच्याविषयीची साक्ष त्यांच्या गैरहजेरीत नोंदली गेलेली असते.

आत्मकथनपर एकपात्री हा मुळात साक्षीचाच प्रकार आहे. कादंबरीकाराला नावे बदलून आडोसा घेता येतो. बहुपात्री नाटकात बापाची बाजू मांडायला बापाची भूमिका करणारा नट तरी असतो. एकपात्रीत बाप बोलतो तोही मुलाच्याच तोंडून. आई रडते तीही मुलीच्याच डोळ्यांनी. अशा साक्षीला उलटतपासणी हवी, आणि ती घेण्याची जागा एकच, ती म्हणजे प्रेक्षागृह. परदेशचा प्रेक्षक कितीही सहृदय असला तरी तो ही उलटतपासणी घेऊ शकत नाही, कारण त्याने ते घर पाहिलेले नसते. तो हसेल, हळहळेल, टाळ्या वाजवील. पण ‘असे नव्हते’ किंवा ‘अगदी असेच होते’ हे तो म्हणू शकणार नाही. तो अधिकार मायदेशच्या प्रेक्षकाचा. म्हणून मायदेशातील प्रयोग ही कलावंताने घरच्यांवर केलेली मेहेरबानी नव्हे आणि घरच्यांनी कलावंताचा केलेला गौरवही नव्हे. तो त्या कथेचा राहिलेला भाग आहे. वारीला जाणाऱ्यांचे कौतुक सर्वत्र होते, परतवारीची दखल फारसे कोणी घेत नाही. एकपात्री प्रयोगांच्या बाबतीतही काहीसे तसेच झाले आहे.

स्वस्ताई आणि तिची मर्यादा

एकपात्री प्रयोग आज जगभर एवढे का दिसतात, याचे एक कारण कलेत असले तरी दुसरे रोख हिशेबात आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगरूप कलांच्या अर्थकारणावर जो ग्रंथ लिहिला, त्यातील मुख्य प्रतिपादन आज अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित आहे. कारखान्यात यंत्र सुधारले की दर कामगारामागे उत्पादन वाढते, आणि त्या वाढीतून त्याचे वेतनही वाढू शकते. परंतु बीथोव्हेनची चार वादकांसाठीची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागत असे, तेवढीच माणसे आणि तेवढाच वेळ आजही लागतो. वादकांचे वेतन मात्र इतर क्षेत्रांच्या मागोमाग वाढवावेच लागते. नाही तर माणूस तो व्यवसाय सोडून जाईल. परिणामी प्रयोगाचा खर्च इतर वस्तूंच्या तुलनेत वर्षानुवर्षे महाग होत जातो. या पेचावर रंगभूमीने शोधलेल्या उत्तरांपैकी एक म्हणजे पात्रांची संख्या घटवणे. आणि पात्रे घटवत घटवत जो शेवटचा आकडा येतो, तो एक.

एडिंबरोच्या महोत्सवाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९४७ मध्ये मुख्य महोत्सवाचे निमंत्रण नसताना आठ नाट्यसंस्था तेथे आपापल्या खर्चाने गेल्या, आणि त्यातून ‘फ्रिंज’ म्हणून ओळखला जाणारा समांतर महोत्सव उभा राहिला. तेथे स्वतःच्या पदरचे पैसे घालून प्रयोग करणाऱ्यांना एक माणूस, एक खुर्ची आणि एक बॅग एवढ्यावर भागणारा एकपात्री प्रकार मानवला, यात नवल नाही.

परंतु या स्वस्ताईला एक मर्यादा आहे. एकपात्रीमुळे वाचतो तो वेतनाचा आणि नेपथ्याचा खर्च. समुद्र ओलांडण्याचा खर्च वाचत नाही. विमानभाडे, मुक्काम, नाट्यगृहाचे भाडे, जाहिरात हे खर्च प्रेक्षक दहा येवोत की पाचशे, सारखेच राहतात. असा स्थिर खर्च अनेक प्रयोगांवर विभागला गेला तरच तो पेलतो. मायदेशी मात्र प्रयोग होतात मोजके. शिवाय खर्च होतो डॉलरमध्ये किंवा पौंडात, आणि तिकीट विकले जाते घरच्या चलनात, घरच्या ऐपतीप्रमाणे. ज्यांची कथा आहे त्यांनाच ती परवडावी असे तिकीट ठेवले तर हिशेब तुटतो; हिशेब जुळेल असे तिकीट ठेवले तर प्रेक्षागृहात भलतीच माणसे येऊन बसतात. परतीच्या प्रयोगाची कोंडी आहे ती इथे.

लंडनने ऐकलेली गोष्ट

मायदेशातील प्रयोगाने नेमके काय साधते, याचा एक चांगला दाखला इंग्रज अभिनेत्री लिन रेडग्रेव्ह यांचा आहे. सर मायकेल रेडग्रेव्ह या नामवंत नटाची ही धाकटी मुलगी १९४३ मध्ये लंडनला जन्मली आणि १९७० च्या दशकात अमेरिकेत स्थायिक झाली. वडील १९८५ मध्ये वारले. मुलीला ते जन्मभर परके वाटत आले होते. आपल्या जन्माच्या दिवशी वडिलांनी रोजनिशीत काय लिहिले असेल ते पाहावे, म्हणून तिने ती उघडली, तर त्या जन्माची नोंदच तेथे नव्हती. या न सापडलेल्या नोंदीभोवती, शेक्सपिअरच्या नाटकांतील उतारे आणि स्वतःच्या आठवणी यांची वीण घालून तिने ‘शेक्सपिअर फॉर माय फादर’ हा एकपात्री प्रयोग उभा केला. १९९३ मध्ये तो न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आला, त्यातील अभिनयासाठी तिला टोनी पुरस्काराचे नामांकन मिळाले, आणि १९९६ मध्ये तोच प्रयोग तिने लंडनच्या हेमार्केटमधील थिएटर रॉयलमध्ये नेला.

या दोन शहरांतील फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. न्यूयॉर्कच्या बहुसंख्य प्रेक्षकांना मायकेल रेडग्रेव्ह हे पडद्यावरचे एक नाव होते. लंडनच्या प्रेक्षागृहात त्यांचा हॅम्लेट किंवा लिअर प्रत्यक्ष पाहिलेली, त्यांच्याबरोबर काम केलेली माणसे असणे अगदी स्वाभाविक होते. न्यूयॉर्कमध्ये ती एका मुलीची आणि एका दूरच्या बापाची गोष्ट होती. लंडनमध्ये तीच गोष्ट एका सर्वपरिचित माणसाविषयीचे विधान झाली. ज्याला लोकांनी रंगमंचावर डोक्यावर घेतले, तो घरात कसा होता, हे त्याच लोकांसमोर, त्याच शहरात उभे राहून सांगायला वेगळे धैर्य लागते. ते सांगितले गेल्यावर त्या कथेला जे वजन येते, ते परदेशातील शेकडो प्रयोगांनी येत नाही.

मायदेश नेहमी मान डोलावतो असे मात्र नाही. एरिएल डॉर्फमन यांचे ‘डेथ अँड द मेडन’ हे नाटक एकपात्री नव्हे, तीन पात्रांचे आहे. परंतु निर्वासित लेखकाने घरी आणलेल्या कथेचे काय होते, हे त्यावरून कळते. चिलीमध्ये १९७३ साली लष्कराने सत्ता बळकावल्यावर डॉर्फमन यांना देश सोडावा लागला. लोकशाही परतल्यानंतर, १९९१ मध्ये, त्यांचे हे नाटक राजधानी सांतियागो येथे रंगमंचावर आले, तेव्हा त्याचे स्वागत थंडेपणाने झाले. छळ झालेली स्त्री आणि तिचा छळ केल्याचा संशय असलेला माणूस एका छताखाली येतात, हा विषय त्या समाजाच्या ताज्या जखमेवर बोट ठेवणारा होता. त्याच वर्षी ते नाटक लंडनला गाजले आणि १९९२ मध्ये ब्रॉडवेवर पोहोचले. यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की मायदेशी जाण्यात अर्थ नाही. वस्तुतः निष्कर्ष उलटा निघतो. लंडनच्या प्रेक्षकाला ते नाटक पाहून निश्चिंतपणे घरी जाता येत होते. सांतियागोच्या प्रेक्षकाला येत नव्हते. तेथील अस्वस्थता ही नाटकाच्या अपयशाची खूण नसून ते नेमक्या ठिकाणी लागल्याची खूण होती.

वाट अडवणारे हात

काही प्रयोगांना घरी जाण्याची वाटच मिळत नाही. इराणी नाटककार नसीम सुलेमानपूर यांनी सक्तीची लष्करी सेवा नाकारली, त्यामुळे त्यांना पारपत्र मिळेना. तेव्हा त्यांनी असे नाटक लिहिले की जे लेखकाला न नेता एकटेच प्रवास करील. ‘व्हाइट रॅबिट रेड रॅबिट’ या नाटकाला दिग्दर्शक नाही, तालीम नाही. दर प्रयोगाला नवा नट येतो, बंद पाकीट उघडतो आणि संहिता प्रथमच वाचत सादर करतो. २०११ पासून हे नाटक देशोदेशी फिरले, आणि लेखकाने स्वतः त्याचा प्रयोग प्रथम पाहिला तो २०१३ मध्ये, पारपत्र मिळाल्यावर, ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे. पुढे २०१७ मध्ये त्यांनी ‘नसीम’ हे नाटक लिहिले. त्याचे दुखणे हेच आहे की ज्यांची नाटके जगभर अनेक भाषांत होतात, त्यांच्या आईला ती स्वतःच्या भाषेत पाहता आलेली नाहीत. प्रयोगात रंगमंचावरचा परदेशी नट फारसीचे चार शब्द शिकतो आणि इराणातील त्या आईला दूरध्वनीवरून तिच्या भाषेत गोष्ट ऐकवली जाते. ज्याला घरी प्रयोग नेता येत नाही, त्याने घरच्यासाठी दूरध्वनीच्या तारेवरून काढलेली ही वाट. तिच्यातील करुणा जितकी खरी, तितकाच तिच्यातील दोषारोपही स्पष्ट आहे.

येथे अडवणारा हात शासनाचा होता. परंतु तो तसाच असावा लागतो असे नाही. वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिया गावची रेचेल कॉरी ही तेवीस वर्षांची अमेरिकन तरुणी १६ मार्च २००३ रोजी गाझापट्टीतील रफाह येथे, घरे पाडण्यास विरोध करीत असताना, इस्रायली लष्कराच्या बुलडोझरखाली सापडून मरण पावली. तिच्या रोजनिशा आणि ई-पत्रे यांवरून लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरने २००५ मध्ये एकपात्री प्रयोग सादर केला. २००६ च्या वसंतात तो न्यूयॉर्कच्या एका नाट्यसंस्थेत होणार होता. पण शहरातील वातावरण अनुकूल नसल्याचे कारण सांगून तो पुढे ढकलण्यात आला. त्यावर मोठा वाद झाला. अखेर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या नाट्यगृहात झाला, आणि २००७ मध्ये तिच्या गावाजवळच्या सिॲटल शहरात पोहोचला. त्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, एक गोष्ट निर्विवाद आहे. येथे कोणताही कायदा आडवा आला नव्हता. जिची कथा, तिच्याच देशात ती ऐकवण्यास विलंब झाला, तो नाराजीच्या भयाने. हे भय कायद्यापेक्षा अवघड. कारण कायद्याविरुद्ध न्यायालयात जाता येते, भयाविरुद्ध दाद कोठे मागावी?

मराठी हिशेब

मराठी माणसाला एकपात्रीचे महत्त्व नव्याने पटवण्याची गरज नाही. एकट्या बुवांनी राजा, राणी, प्रधान आणि द्वारपाल सारे उभे करावेत, ही कीर्तनाची रीत येथे शतकानुशतके रुजलेली आहे. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ आणि लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ ही तर घराघरांत पोहोचलेली नावे. औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) या प्राध्यापकाने मराठवाड्यातील खेड्याची बोली आणि पन्नासहून अधिक पात्रे एकट्याच्या अंगावर घेऊन परदेशातील मराठी मंडळांपर्यंत नेली. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले, आणि त्याच्या अधिवेशनांना येथील नाटके, गायक, वक्ते जात आले. म्हणजे येथून तिकडे जाण्याचा रस्ता बांधलेला आहे. त्यावर यजमान आहेत, वर्गणी आहे, मुक्कामाला घरे आहेत.

तिकडून इकडे येण्याचा रस्ता मात्र तसा बांधलेला नाही. तिकडे वाढलेल्या मुलामुलींच्या मनात आजीचे घर, सुट्टीतील गाव, आईची धास्ती आणि बापाचे मौन यांची जी हकिकत साठलेली आहे, ती एखाद्याने इंग्रजीत वा मोडक्यातोडक्या मराठीत रंगमंचावर आणली, तर ती येथे पोहोचणार कशी? आणि येथे जन्मून परदेशी नागरिकत्व घेतलेल्या कलावंताची स्थिती तर अधिकच चमत्कारिक आहे. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारताच भारताचे नागरिकत्व संपते, आणि मग स्वतःच्या गावात स्वतःच्या बालपणाची गोष्ट सांगणारा तो माणूस करखात्याच्या दृष्टीने परदेशी कलावंत ठरतो. अशा अनिवासी परकीय नागरिकाला येथील प्रयोगांपासून होणाऱ्या प्राप्तीवर, खर्चाची कोणतीही वजावट न देता, सरसकट २० टक्के दराने कर लागतो, अधिभार वेगळा.

हा ‘खर्च न वजा करता’ शब्दप्रयोग किती महाग पडतो, ते एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, असा कलावंत स्वतःच निर्माता आहे; प्रवास व मुक्काम यांचा खर्च २ लाख रुपये. प्रेक्षागृह ३०० आसनांचे, तिकीट ३०० रुपये, आणि प्रयोग पूर्ण भरलेला. म्हणजे दर प्रयोगाला ९० हजार रुपये जमा. भाडे व जाहिरात यांचे ४० हजार वजा जाता उरतात ५० हजार. चार प्रयोगांत प्रवासखर्च निघतो. हातात शून्य, पण खिशाला खारही नाही. आता एकूण जमेवर २० टक्के कर धरला, तर दर प्रयोगाचे १८ हजार जातात आणि उरतात ३२ हजार. मग तेवढाच खर्च भरून यायला सात प्रयोग लागतात. चार प्रयोगांवर थांबणाऱ्याला, एक रुपयाही नफा न होता, ७२ हजार रुपये कर भरावा लागतो. येथे भरलेल्या कराचे श्रेय आपल्या देशात मिळवण्याची तरतूद करारांत असते, हे खरे. पण जेथे मिळकतच उरली नाही तेथे ते श्रेय कशातून वळते करून घेणार? जगभर दौरे करून लाखो कमावणाऱ्या गायकांसाठी आखलेला हा नियम एका बॅगेनिशी येणाऱ्या एकपात्री नटाला नेमका उलटा लागू पडतो.

संहितेचा प्रश्नही आहेच. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगापूर्वी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. बहुपात्री नाटकात संहिता बरीचशी पक्की असते. आत्मकथनपर एकपात्री मात्र प्रेक्षक पाहून बदलणारा प्रकार आहे. समोर बसलेल्या मावशीने मध्येच ‘नाही रे’ म्हटले तर नटाला तेथे थांबून उत्तर द्यावे लागते. मायदेशातील प्रयोगाचे सारे सत्त्व त्या न लिहिलेल्या उत्तरात असते, आणि कागदावर ते आधी मंजूर करून घेता येत नाही.

यावर एक आक्षेप सहज येईल. एखाद्याच्या वैयक्तिक आत्मचरित्रासाठी सार्वजनिक तिजोरीने झीज का सोसावी? शाळा, दवाखाने, पाणी यांना पैसा पुरत नसताना परदेशी सुखात राहणाऱ्यांच्या आठवणींचे लाड कशाला? आक्षेप गैर नाही. परंतु येथे अनुदान मागितलेले नाही. दंड लावू नये एवढेच म्हणणे आहे. जमेतून वाजवी खर्च वजा करून उरलेल्या प्राप्तीवर कर घ्यावा. नफा झाला तर जरूर घ्यावा. ठरावीक मर्यादेखालील प्राप्तीपुरती ही सवलत ठेवली तर तिजोरीला तिची झळ जाणवणार नाही. नगरपालिकांच्या मालकीच्या नाट्यगृहांत जे वार आणि ज्या वेळा रिकाम्या जातात, त्या अशा प्रयोगांना कमी भाड्याने देता येतील. रिकाम्या खुर्चीपासून कोणालाच उत्पन्न होत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातच शिकवले जाते. महाविद्यालयांच्या सभागृहांत दुपारचा प्रयोग आणि त्यानंतर तासभर प्रश्नोत्तरे, एवढी व्यवस्था झाली तरी पुष्कळ होईल.

कर्तव्य एका बाजूचेच नाही. परदेशात जे सांगितले, तेच येथे सांगण्याची जबाबदारी कलावंताची आहे. तिकडे आजीच्या देवभोळेपणावर हशा घ्यायचा आणि इकडे तो भाग गाळून पाया पडायचे, हा व्यवहार लबाडीचा होईल. घरी प्रयोग नेण्याच्या भीतीनेच लिहिताना हात जरा जपून चालतो, अतिशयोक्तीला लगाम बसतो, आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांना न्याय मिळतो. जो कलावंत पहिल्या दिवसापासून ‘हे मला गावात म्हणून दाखवायचे आहे’ असे धरून चालतो, त्याचे परदेशातील प्रयोगही अधिक प्रामाणिक होतात. यजमानांनीही हार, शाल आणि नारळ यांच्या ढिगाखाली तो प्रयोग गाडून टाकू नये. सत्कारानंतर कोणी शंका विचारीत नाही, आणि शंका विचारली गेली नाही तर प्रयोग घरी आला असे म्हणण्यात अर्थ उरत नाही.

देशाबाहेर गेलेल्यांनी पाठवलेल्या पैशाचा हिशेब ठेवला जातो; त्याचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध होतात, त्यांचे स्वागत होते. त्यांनी तिकडे आपल्याविषयी सांगितलेल्या गोष्टींचा हिशेब कोठेच ठेवला जात नाही. त्या गोष्टी कधी कौतुकाच्या असतात, कधी बोचऱ्या, कधी चुकीच्याही असतात. पण त्या ज्यांच्याविषयी आहेत त्यांच्यासमोर एकदा तरी मांडल्या जाव्यात, आणि ते मांडणाऱ्याला त्यासाठी तोट्यात जावे लागू नये, एवढी अपेक्षा फार मोठी म्हणता येणार नाही.